हत्शेपसुतची रिकामी जागा

वडनेरच्या थांब्यावर एसटी आली की तिची पाटी सगळेच वाचत. फॅरोबाई पाटी वाचून थांबत नसत. त्या पुढच्या बाजूला जाऊन ड्रायव्हरला विचारत, "पाटी हिंगणघाटची हाय. गाडी कुठची हाय?" ड्रायव्हर हसून मान डोलवायचा. मग बाई आत चढत आणि शेजारच्या बाईला पुन्हा विचारत, "तुमी कुठं चालल्या?" तिनंही हिंगणघाट म्हटलं की मग कुठे त्या पर्स मांडीवर ठेवून नीट बसत. लोक याची टर उडवत. पण एकदा डेपोतल्या कुणाच्या तरी आळसानं आधीच्या फेरीची पाटी तशीच राहिली आणि चौकशी न करता चढलेलं अर्धं वडनेर भलत्याच रस्त्याला लागलं. बाई तेवढ्या थांब्यावर उभ्या होत्या. त्यानंतर गावातली शहाणी माणसं बाई चढल्या की मगच चढायला लागली.

त्या हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत. मी आंजी मोठी या गावची. बी.ए.साठी हिंगणघाटला मावशीकडे राहत होते. प्राचीन संस्कृतींचा पेपर बाईंकडे होता आणि त्यात इजिप्तचं प्रकरण आलं की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. फॅरोबाई हे नाव आमच्या आधीच्या कुठल्या तरी वर्गानं ठेवलेलं. ते बाईंना ठाऊक होतं. एकदा वर्गात त्या म्हणाल्या, "फॅरो या शब्दाचा मूळ अर्थ मोठं घर. राजाचं नाव थेट घ्यायचं नाही म्हणून लोक त्याच्या घराचं नाव घेत. तुमी मले मोठं घर म्हणता. मी राह्यते दोन खोल्यांत. तवा नावावर जास्त भरोसा ठेवू नका." शिकवताना त्या प्रमाण मराठीत सुरुवात करत आणि रंगल्या की आपल्या बोलीवर येत. बोली सुरू झाली की आम्ही पेन खाली ठेवायचो, कारण आता खरी गोष्ट येणार हे कळायचं.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मेनेस, इजिप्तचा पहिला राजा.' आम्ही खाली माना घालून लिहून घेतलं. बाई वळल्या. "काऊन लिहिलं?" आम्ही माना वर केल्या. "मी लिहिलं म्हणून लिहिलं ना? मले कोणी सांगतलं? अन् ज्यानं सांगतलं, तो तवा होता का तिथं?" मग त्यांनी मॅनेथोची हकिकत सांगितली. इजिप्तच्या राजांची घराण्यांत वाटणी करून ठेवणारा हा पुजारी त्या पहिल्या राजानंतर जवळजवळ तीन हजार वर्षांनी जन्मला. त्यानं लिहिलेला ग्रंथ हरवला. नंतरच्या लोकांनी त्यातले उतारे आपापल्या कामापुरते उचलले, आणि आपल्याकडे उरले ते तेवढे उतारे. "म्हणजे ऐकीवाचं ऐकीव," बाई म्हणाल्या. "मेनेस म्हणजे नार्मेर असन, नाईतं त्याच्या मागचा आहा नावाचा राजा असन, नाईतं कोणीच नसन." पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं घाबरून विचारलं, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मेनेस लिहा. पण मनातून लिहू नका."

इजिप्तचा कालक्रम शिकवायला त्यांच्याकडे छापील तक्ता नव्हता. तो त्यांना नकोच होता. छापलेलं हलवता येत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी आपल्या आईचं जुनं नऊवारी सुती लुगडं वाचनालयाच्या लांब भिंतीवर आडवं ताणून लावलं होतं. एका टोकाला पहिले राजे, पदरावर क्लिओपात्रा. राजांची नावं कापडाच्या लहान लहान चिठ्ठ्यांवर लाल दोऱ्यानं शिवलेली आणि सेफ्टी पिनांनी टाचलेली. कुठं नवं काही वाचण्यात आलं की बाई स्टुलावर चढून एखादा राजा वीतभर अलीकडे नाहीतर पलीकडे सरकवत. बाविसावं, तेविसावं, चोविसावं ही घराणी त्यांनी एकाखाली एक टाचली होती, कारण ती एकामागून एक नव्हती, एकाच वेळी वेगवेगळ्या गावांत बसून आपणच राजे म्हणत होती. त्यांच्याखाली दक्षिणेकडून आलेलं पंचविसावं घराणंही डोकावत होतं. सातव्या घराण्याच्या जागी एकही चिठ्ठी नव्हती. मॅनेथोच्या उताऱ्यात तिथं सत्तर दिवसांत सत्तर राजे झाल्याचं आहे. "रोज एक राजा," बाई म्हणत, "अन् रोज त्याचा राज्याभिषेक. हे ज्याले पटन त्यानं पिना आनाव्या."

दुसऱ्या पेपी राजावर तर त्यांचा विशेष राग. तो लहानपणी गादीवर बसला आणि चौऱ्याण्णव वर्षं राज्य करत होता, असं सांगतात. काही अभ्यासक त्यातली तीस वर्षं कमी करतात. बाईंनी त्याची चिठ्ठी एकाच पिनेवर लोंबकळत ठेवली होती. आणि तरीही, कुठं थांबायचं तेही त्यांना कळायचं. त्या काळी प्रत्येक नवा राजा आला की वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. म्हणून एका राजाचं शेवटचं वर्ष चुकलं की पुढचे सगळे सरकतात. "इथं एक पिन हालली की पदरापर्यंत सारं हालते," त्या म्हणत. "तवा शंका घ्या, पण हात धुऊन घ्या."

एवढं सगळं सोडून इजिप्तच का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या वाचनालयाच्या पायरीवर बसून शेंगदाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरी वंशावळ नाई. माया बाप हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. त्याच्या बापाचं नाव मले माहीत आहे, त्याच्या बापाचं नाई. छप्पनात दीक्षा घेतली, तवा शेजारचा एक माणूस म्हणे, आता तुमचा इतिहास सुरू झाला. माया आजीनं त्याले विचारलं, मंग आतापावतर आम्ही कुठं होतो?" शेंगदाण्याची टरफलं त्यांनी पदरात गोळा केली. "मंग मी कॉलेजात वाचलं, इजिप्तच्या राजाचं नाव दगडात कोरलेलं, अन् तेही मागच्यानं खोडलं. अखेनातेनचं खोडलं, तुतानखामेनचं खोडलं. मंदिराच्या भिंतीवर राजांची रांग, त्या रांगेत हे नाईत. मले वाटलं, एवढा मोठा राजा खोडला जाते तं माया पणजोबानं काय करावं? तवापासून मी रांगेत कोण आहे ते पाहत नाई. कोण नाई ते पाह्यते."

घरीदारीही त्यांचा हाच खाक्या. दूधवाल्यासमोर दूध उकळून बघत. डॉक्टरांनी गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरला दाखवत आणि मग दोन्ही डॉक्टरांबद्दल तिसऱ्याला विचारत. कुणी स्तुती केली की त्यांच्या कपाळाला आठी पडे: "याले काय पाह्यजे?" लग्नाची स्थळं आली तेव्हाही त्यांनी इतके प्रश्न विचारले म्हणे, की पाहुणेच उठून गेले. संपूर्ण हिंगणघाट तालुक्यात त्यांचा बिनशर्त विश्वास फक्त एका माणसावर होता, आणि ते माणूस म्हणजे आमच्या वाचनालयाच्या इंदूताई.

दोघी वर्ध्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या. पुढे नोकरीही एकाच कॉलेजात लागली. इंदूताईंनी डबा उघडला की फॅरोबाई आत काय आहे ते न पाहता घास तोडत. आम्हा मुलींना हे मोठं नवल वाटे. चहात साखर किती घातली तेही ज्या बाई विचारून घेत, त्या इंदूताईंच्या डब्यातलं वांगं डोळे मिटून खात. इंदूताई त्यांना कुसुम म्हणत. त्या नावानं हाक मारणारं कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं. इंदूताईंची मुलगी लहानपणी शाळा सुटली की वाचनालयात येऊन बसे आणि बाईंना मावशी म्हणे.

मी शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात तपासणी समिती येणार होती. भिंतींना रंग द्यायचा होता. प्राचार्यांनी वाचनालय मोकळं करायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस होते. धावपळ चाललेली, सगळ्यांच्याच डोक्याला ताप. इंदूताई शिडीखालून ओरडल्या, "कुसुम, ते फडकं काढ आधी, पाहुणे येऊन राह्यले!" फॅरोबाई स्टुलावर होत्या. त्या खाली उतरल्या. "फडकं?" एवढंच म्हणाल्या. जे लुगडं नेसून आईनं जिनिंगमधला कापूस झाडला, ते फडकं झालं होतं. इंदूताईंना चूक कळली असावी, पण माणसं होती, घाई होती. लुगडं गुंडाळून कपाटात गेलं. कपाटाची किल्ली इंदूताईंकडे.

समिती आली, गेली. लुगडं पुन्हा लावायला आम्ही चारपाच मुली मदतीला होतो. सैल झालेल्या चिठ्ठ्या बाईंच्या कापडी पिशवीत होत्या, काही लुगड्यावरच होत्या. सगळं लावून झालं आणि बाई चार पावलं मागं गेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या मधे बोटं फिरवून त्यांनी विचारलं, "हत्शेपसुत कुठं आहे?"

हत्शेपसुत ही इजिप्तची राणी, सावत्र मुलगा लहान म्हणून राज्य सांभाळायला बसली आणि स्वतःच राजा झाली. शिल्पांत तिनं राजाची खोटी दाढी लावलेली आहे. तिच्या मागून त्याच सावत्र मुलानं, तिसऱ्या थुतमोसनं, तिचं नाव भिंतींवरून खरवडून काढलं. बाईंची ती सगळ्यांत लाडकी. आम्ही पिशवी उलटी केली, कपाट झाडलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. बाईंनी आमच्या वह्या चाळल्या. माझ्या पर्सकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मी न सांगताच ती उघडून दाखवली. शिपायाला विचारून झालं. रंगाऱ्याला निरोप गेला. आणि मग बाईंची नजर हळूहळू एका जागी येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणत्याच राजाले हात लागला नाई. नेमकी तीच. अन् कपाटाची किल्ली एकाच माणसाजवळ आहे." इंदूताई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी ठेवली. "कुसुम, मी काऊन काढीन?" बाई म्हणाल्या, "ज्याले लुगडं फडकं वाटते, त्याले काही वाटू शकते." इंदूताईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्या घरी गेल्या. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी वाचनालयाच्या किल्लीला हात लावला नाही. शिपाई उघडायचा, शिपाई बंद करायचा, आणि ग्रंथपाल दारात उभी राहून वाट पाहायची.

बाईंनी नवी चिठ्ठी शिवली नाही. जागा तशीच ठेवली. नव्या वर्गातल्या मुलींनी विचारलं, की इथं कोण, तर सांगत, "हत्शेपसुत. खोडली." कोणी खोडली, असं विचारलं की त्या समोरच्या टेबलाकडे पाहत. तिथं इंदूताई पुस्तकांवर शिक्के मारत बसलेल्या असत. मी नंतर त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तेव्हा हे रोज बघायचे. इंदूताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका बाईंच्या टेबलावर आली, तीही शिपायाच्या हातून. बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "तिनं पाठवली का पोरीनं?" मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्या गेल्या नाहीत.

याच काळात मी हत्शेपसुतवरचं नवं संशोधन वाचलं आणि उत्साहानं बाईंना सांगायला गेले. तिची नावं तिच्या मृत्यूनंतर लगेच खरवडलेली नव्हती. थुतमोसनं त्यानंतर बरीच वर्षं राज्य केलं आणि अगदी उतारवयात ही खोडाखोड झाली. कदाचित त्यात सूड नसेलच, आपल्या मुलाच्या गादीची सोय असेल. बाईंनी मला बारीकसारीक प्रश्न विचारले, कुठल्या भिंतीवर, कशाच्या आधारानं. मग पुढच्याच तासाला वर्गात उभं राहून म्हणाल्या, "मी तुमाले आजवर चुकीचं शिकवलं. राग असता तं त्यानं लगेच खोडलं असतं. कोणी काऊन केलं हे विचारायच्या आधी कधी केलं ते विचारा." मी मागच्या बाकावर बसले होते. वाटलं, आता या थेट वाचनालयात इंदूताईंकडे जातील. त्या गेल्या नाहीत. जगातल्या प्रत्येक साक्षीदाराला उलटसुलट विचारणारी ही बाई एका साक्षीदारावर डोळे झाकून विसंबली होती, आणि तो म्हणजे तिची स्वतःची आठवण. 'ती चिठ्ठी मी माया हातानं लावली होती,' एवढं त्या ठामपणे सांगत. ते मात्र कधी कुणी तपासलं नाही.

दोघी पुढेमागे निवृत्त झाल्या. इंदूताई मुलाकडे वर्ध्याला गेल्या. फॅरोबाईंनी लुगड्याची घडी केली आणि वडनेरला नेलं.

मग मागच्या हिवाळ्यात आमची सहल बोर धरणाला गेली. परतताना हिंगणीच्या पलीकडच्या एका शाळेत मुलींना पाणी प्यायला थांबवलं. तिथल्या शिक्षिकेचं नाव सुनंदा, गोंड कुटुंबातली, जवळच्याच पाड्यावरची. मी कोणत्या कॉलेजातून आले हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. "तुमच्याकडं त्या इजिप्तवाल्या मॅडम होत्या ना? मी सातवीत असताना त्या इथं आल्या होत्या." बाईंनी मुलींना राजे करून ओळीत उभं केलं होतं आणि प्रत्येकीच्या फ्रॉकला लुगड्यावरची एकेक चिठ्ठी टाचली होती. "मला म्हणाल्या, तू राणी नाही, राजा आहेस. दाढी लावून राज्य केलंस. कार्यक्रम चालू असतानाच माझे बाबा वनखात्याच्या कामावरून आले आणि मला घेऊन गेले. ती चिठ्ठी तशीच राहिली. मला वाटलं, बक्षीस दिलं. घरी आईला गोंडीत समजावून सांगितलं, मी राजा झाले म्हणून. आई लई हसली." ती अजून तिच्याकडे होती, बांगड्यांच्या डब्यात. मी विचारलं, कधीची गोष्ट? ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा शेवटचा शनिवार. सुट्टी लागणार म्हणून तर सगळ्या नाचत होतो."

दिवाळीच्या आधी. तिची सातवी म्हणजे माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष, आणि भांडण त्या दिवाळीनंतरचं होतं.

बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. बाईंना सांगावं की नाही? सांगितलं तर त्यांच्या उतारवयात मी त्यांच्या हातात काय ठेवणार होते? न सांगितलं तर इंदूताईंचं काय? दोन दिवस मी घोळत राहिले आणि तिसऱ्या दिवशी वडनेरला गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. अपेक्षेप्रमाणे विचारलं, "कोनं सांगतलं? अन् ती तवा होती का तिथं?"

"तीच होती मॅडम," मी म्हटलं. "चिठ्ठी तिच्याच फ्रॉकवर होती."

त्यांचा विश्वास बसला नाही. मला घेऊन त्या हिंगणीला गेल्या. सुनंदानं डबा उघडला. बाईंनी चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, मागची गाठ नखानं चाचपली. "टाका माया आहे," त्या म्हणाल्या. मग सुनंदाला तीच गोष्ट तीनदा वेगवेगळ्या बाजूंनी विचारली. कुठला शनिवार, बापाला सुट्टी कशी, त्या दिवशी खिचडी होती की नव्हती. ती प्रत्येक वेळी तेच सांगत राहिली. शेवटी बाई वर्गातल्या बुटक्या बाकावर बसल्या. गुडघे वर आलेले, चिठ्ठी हातात. "मंग इंदू नव्हती," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. सुनंदानं चिठ्ठी परत न्यायला सांगितलं. बाईंनी ती तिच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटवली. "तुयी आहे. तुले दिलती ना मी."

वर्ध्याला मी त्यांच्यासोबत गेले. इंदूताईंनी दार उघडलं. दोघींचे केस पांढरे झाले होते आणि दोघींनी एकमेकींच्या केसांकडेच आधी पाहिलं.

"काऊन आली?" इंदूताईंनी विचारलं.

"सांगाले आली. ती चिठ्ठी तू नव्हती काढली."

"मले माहीत आहे मी नव्हती काढली. हे मलेच सांगाले आली?"

बाईंनी मग हिंगणीची सगळी हकिकत सांगितली, उभ्या उभ्याच. स्वतःला वाचवणारा एक शब्दही त्यात नव्हता. इंदूताई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे पुरावा भेटला म्हणून आली. नसता भेटला तं?"

मला वाटलं, बाई काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. त्यांनी खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. "तं नसती आली," त्या म्हणाल्या.

इंदूताईंनी चौकटीवरचा हात काढला. "हे खरं बोलली," त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. "ये आत. चहा बिनसाखरेचा भेटन. मले डायबिटीस आहे."

त्या दिवशी मिठीबिठी काही झाली नाही. इंदूताईंनी मुलीच्या लग्नाचा अल्बम आणला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बाईंना दाखवला. मधे एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं मावश्या उभ्या राह्यतेत. पोरगी दारापाशी दोनदा पाहून आली." बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिल्या.

मग दर शनिवारी दुपारी फॅरोबाई वडनेरहून हिंगणघाट, हिंगणघाटहून वर्धा अशा दोन गाड्या बदलून जाऊ लागल्या. आता संशय घ्यायची पाळी इंदूताईंची होती. त्यांनी ती सोडली नाही. "आज काऊन आली? कोणी पाठवली?" बाईंनी संत्री नेली, तर "हे कायच्यासाठी?" म्हणून पिशवी तशीच ओट्यावर पडून राहायची. डबा नेला, तर इंदूताई झाकण उघडून आधी वास घेत. मला हे बघवत नसे. एकदा बाईंना म्हटलं, किती दिवस असं चालणार? त्या म्हणाल्या, "ती मले तपासून राह्यली. तपासू दे. मी तिले न तपासता शिक्षा देलती."

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाई गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. शेजारणीनं दार वाजवलं, तेव्हा कळलं.

कॉलेजात शोकसभा झाली. इंदूताईंना मी घेऊन आले होते. नवे प्राचार्य तरुण, त्यांनी बाईंना पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी कागदावरून वाचलं, "सर्व सहकाऱ्यांशी त्यांचे संबंध अखेरपर्यंत अत्यंत जिव्हाळ्याचे राहिले." माना डोलल्या. इंदूताई उठून उभ्या राहिल्या.

"असं नाई झालं," त्या म्हणाल्या. सभागृह चपापलं. "तिनं मायावर चोरीचा आळ घेतला होता. आम्ही कित्येक वर्षं बोललो नाई. याच इमारतीत, समोरासमोर बसून बोललो नाई. ते बी सांगा." प्राचार्य गडबडले, म्हणाले, ताई, आजच्या प्रसंगी ते कशाला? इंदूताईंचा आवाज चढला नाही. "मधली वर्षं गाळली, तं ती एवढ्या उन्हाची दोन गाड्या बदलून माया घरी काऊन येत होती, हे कोणाले समजन?" आणि त्या खाली बसल्या. प्राचार्यांनी कागदाची घडी केली. नंतर कुणीच भाषण केलं नाही.

बाहेर पोर्चमध्ये आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. इंदूताई रस्त्याकडे पाहत म्हणाल्या, "ती मायासाठी येत होती, का आपल्या मनाच्या समाधानासाठी? तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "मला खरंच माहीत नाही."

"मले बी नाई," त्या म्हणाल्या. रिक्षा वळून फाटकातून आत येत होती. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि एक पायरी उतरून थांबल्या. "पण शनिवारी दुपारी मी झोपत नव्हती. तिले हे कधी सांगतलं नाई."